ठोकळ्यांवरची खुर्ची

मी हे लिहायला बसलोय, हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे याला सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं. गुडघ्यांतलं मला काही कळत नाही. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्यांचं जे जवळून पाहिलं तेवढंच सांगतो. कमीजास्त झालं तर समजून घ्या.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूला. मोहरमला गावात ताबूत निघतो आणि त्याच्या पुढच्या एका दांडीला आमच्या शेतकरी घराचा मान आहे. ताबूत बांधतात गल्लीतले चाचा. ते सुतार, आबांचे शाळेपासूनचे दोस्त. आबा फौजेत होते तेव्हाही त्या दिवसासाठी रजा काढून यायचे.

ताबूत जमिनीवर ठेवलेला असतो. उकिडवं बसून दांडी खांद्यावर घ्यायची आणि सगळ्यांनी एकदम उठायचं. गेल्या वर्षी आबा बसले, पण त्यांना उठता येईना. मागच्या माणसानं दांडी सावरली. आबा घरी आले आणि न जेवता पडून राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना साताऱ्याला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे नेलं. झिजलेलं भरून येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्यावरचा भार हलका होईल, असंही म्हणाल्या. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची. खुर्चीवर बसून पाय हळूहळू सरळ करायचा. हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठायचं, तेवढंच सावकाश बसायचं. खुर्ची मात्र उंच हवी, कारण माणूस जितका खाली बसेल तितका उठताना गुडघ्यावर ताण येतो. मी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवली आणि पायांखाली विटा लावल्या.

आबांना हे फारच किरकोळ वाटलं. "फौजेत ह्याला आमी आराम म्हणायचो," म्हणाले. मी सांगलीला कॉलेजात परतलो आणि इकडे त्यांनी मनानंच जुन्या बैठका सुरू केल्या. आठवडाभरात आईचा फोन आला, "तुजा बा भिंत धरून चालतोय."

मॅडम रागावल्या नाहीत. सूज उतरू द्या, मग पुन्हा उंच खुर्चीपासून सुरू करा, म्हणाल्या. व्यायामाचं दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर आपण जास्त केलं असं समजायचं.

त्यानंतर एका संध्याकाळी चाचा आले. मी सुट्टीला घरी आलो होतो.

"काय फौजी, खुर्चीला बूट घातलं व्हय रं?"

"हस गड्या. तुज्या ताबुताखाली बसायचंय मला, तवा बघ."

"मॅडम काय म्हणती?"

आबा टॉवेल दाबत राहिले. उत्तर मी दिलं. "चालायला हरकत नाही, चाचा. हळूहळू ताकद आली तर थोडा वेळ खांद्यावर घेतलं तरी चालेल. पण ओझं घेऊन खालून उठायचं नाही."

"मग खालनं कवा उठायचं?"

"कधीच नाही."

चाचा हसायचे थांबले. त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. "डुगडुगतीया ही. पडशील फौजी. विटा काढ, मी ठोकळं देतो करून."

दुसऱ्या दिवशी ठोकळे आले, वर खुर्चीचे पाय बसतील अशा खाचा असलेले. आबांना उठणं सोपं वाटू लागलं की चाचा ते घेऊन जायचे आणि थोडे तासून, बुटके करून आणायचे. उन्हाळ्यात आबा कठडा न धरता घराच्या पायऱ्या उतरू लागले. पण उकिडवं बसून ओझं उचलणं बंद ते बंदच. मोहरम जवळ आला तेव्हा त्यांचा फोन आला. "औंदा दांडी पुतण्याला देतो. आपलं झालं." माझी परीक्षा चालू होती. "नीट अभ्यास कर," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ताबूत निघायच्या दिवशी माझा पेपर होता. सुटल्यावर घरी फोन लावत राहिलो, कुणी उचलेना. रात्री आईनंच केला.

"औंदा ताबूत खाली ठेवलाच न्हाई. चाचा मिस्त्रीनं त्यो ठेवायला चार घडवंच्या केल्यात, लय उंच. दांड्या पार खांद्याला आल्या. तुजा बा नुसता जरा वाकला आन् सगळ्यांबरोबर उबा राह्यला."

"आधी कुणाला सांगितलं होतं का चाचांनी?"

"न्हाई. लोकांनी इचारलं तर म्हनला, म्हातारं काय एकटा फौजीच होणार हाय व्हय?"

"कुठवर गेले आबा?"

"चावडीपतूर. मग पुतण्याला दिली."

"गुडघा दुखतोय का?"

"इचारलं मी. म्हनला, उद्या सांगतो."

सकाळी मी फोन हातात धरूनच बसलो होतो. आबांचा फोन दुपारी आला.

"सूज न्हाई," ते म्हणाले. "तुजा पेपर कसा गेला?"