गॅब्रिएलचा एक सवाल

गॅब्रिएलबद्दल हरिहर मास्तरांना खरं तर फार थोडं ठाऊक होतं. तो ठाण्याच्या तळ्यापलीकडे किरिस्तावांच्या वस्तीत राहायचा, भाजीचा मळा करायचा आणि बायको गेल्यावर त्याने एकुलत्या जॉर्जिनाला एकट्याने वाढवलं, एवढंच. बाकीचं मास्तरांनी कधी विचारलंच नाही.

सन अठराशे अठ्ठ्याऐंशी. जॉर्जिना कल्याणला रेल्वेच्या एका इंजिनियरसाहेबाकडे आया होती. पावसाळ्याआधी साहेब कुटुंबासह विलायतेला निघणार होता आणि मुलं सांभाळायला तिलाही नेणार होता. तेव्हा गॅब्रिएल मास्तरांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"मास्तर, मना विंग्रजी शिकवा. माजी पोर परत कवा धाडशाल, येवढाच सायबाला इचारायचा हाय. आन तो काय सांगल ता समजला पायजे."

"मग मुलीलाच विचारायला सांग की."

"ती बोलते, बाबा, चाकरीत आसला इचारायचा नसते."

मास्तरांनी पहिलं पुस्तक उघडलं. ते ओट्यावर बसत, गॅब्रिएल खाली अंगणात. धडा लिहून ते पाटी पायरीवर ठेवत, मग तो ती उचले. शिवाशिव नको म्हणून ही रीत. दोन महिन्यांत तो बैल, शेत, टोपी इथवर आला. दर शनिवारी शिकवणीबद्दल मळ्यातली भाजी आणी आणि विचारी, "मास्तर, माजा सवाल कवा येल?"

"अरे, पाया नाही आणि कळस कसला चढवतोस? आधी व्याकरण होऊ दे."

आतून मास्तरांच्या पत्नी गोदूबाई म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ते एक वाक्य. का तुम्हालाच येत नाही?"

मास्तर चिडले. वाक्य त्यांना येत होतं. पण तीस वर्षं इंग्रजी शिकवूनही ते एकाही गोऱ्याशी बोलले नव्हते. आपले उच्चार साहेबाच्या कानी पडतील, हे कुणी शिकवलं म्हणून तो विचारील, याची त्यांना धास्ती होती. व्याकरण ही नुसती सबब होती.

कल्याणला साहेबाकडे जायच्या आदल्या दिवशी गॅब्रिएल म्हणाला, "तुमीच चला ना संगती."

मास्तरांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखत नव्हता. मग ते वाक्य त्यांनी घाईघाईने चारदा म्हणून दाखवलं.

परत आल्यावर गॅब्रिएलनेच सगळं सांगितलं. "सायबासमोर सवाल आठवलाच नाय. बैल शेतान हाय, येवढाच विंग्रजी तोंडान आला. सायब हसला, पाठीवर हात ठेवला, पुष्कल बोलला. मना काय समजला नाय. पोर खाली मान घालून उभी. चूक माजीच."

"होतं असं," मास्तर म्हणाले. चूक कुणाची, ते त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

तीन पावसाळे उलटले. जॉर्जिना आली नाही. गॅब्रिएल मात्र शनिवारची भाजी आणून देत राहिला. तो वारला त्याच्या आदल्या आठवड्यातही आला होता.

"मास्तर, पडवल कवला हाय. आजच करा."

"बरं. ठेव पायरीवर."