वखराचं पातं आणि माझी मान

हसणार नसाल तर सांगतो. पुढाऱ्यांना भर सभेत घाम फोडणारा मी, एकदा बडनेऱ्याजवळच्या एका वावरात पानासारखा थरथरलो होतो.

ट्रॅक्टर नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. मी नुकताच बी.ए. होऊन अमरावतीत वार्ताहर झालो होतो. होणाऱ्या सासऱ्यांच्या गावी, साखरपुड्याला गेलो असताना, श्यामराव पाटलांचं वावर दिसलं. जमीन नुसती वरवर खरवडलेली! तीन वर्षं तिच्यात नांगर शिरला नाही, असं कळलं. माझं रक्त उसळलं. कुणाला काही विचारलं का? छे! थेट छापलं: ट्रॅक्टर भाड्यानं मिळत असताना नांगर न घालणारा शेतकरी देशाचा वैरी आहे!

पंधराव्या दिवशी श्यामरावांचा निरोप आला. त्या पेपरवाल्याले एकट्याले वावरात धाडा. संपादक म्हणाले, जा. सोबत येतो, असं काही म्हणाले नाहीत.

श्यामराव निंबाखाली बसून वखराच्या, म्हणजे माती वरवर खरवडणाऱ्या औताच्या, लोखंडी पात्याला धार लावत होते. पातं चांगलं दोन हात लांब. माझा हात आपोआप मानेवर गेला.

"जोडे काढ," ते म्हणाले, आणि पातं घेऊनच उठले.

मी जोडे काढले. मारण्याआधी जोडे का काढायला लावतात, हा एकच विचार डोक्यात होता. पाय मातीत पडला आणि रुतला. माती पिठासारखी मऊ.

"वखराच्या दोन पाळ्या देल्या, बस. आमची काळी जमीन उन्हानं फाटते, सोताच नांगरून घेते. कुंद्याचं खोल मुळ्याचं गवत माजलं तरच नांगर. कावून नाई इचारलं?"

त्यांनी मला धुऱ्यापलीकडे, बांधाच्या पल्याडच्या वावरात नेलं. तिथं डोक्याएवढी ढेकळं! माझ्या अंगठ्याचं नखच उचकटलं.

"हे तुही बातमी वाचून नांगरलं. ट्रॅक्टरनं. पेरणी तोंडावर आली, आता ढेकळात पेरते का?"

"पेपरावर एवढा विश्वास ठेवणारा कोण हा येडा?" मी विचारलं.

"तुहा सासरा. तो पाह्य, येऊन रायला."

समोरून सासरेबुवा हातात ढेकूळ घेऊन येत होते. मी श्यामरावांच्या मागे लपलो, त्याच पात्याच्या आडोशाला.

हळद लागायच्या आधी आठ दिवस मी लाकडी मोगरीनं सासऱ्यांची ढेकळं फोडत होतो. श्यामराव धुऱ्यावर पान खात उभे असत.

ही बातमी मात्र मी छापली नाही.