जीपच्या नावाचे खिसे

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे आणि तिथे माझा एकच कायदा होता: जुना फाटका हातमोजा आणा, तरच नवा मिळेल. मग साहेब असो की हेल्पर. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका मैत्रिणीच्या नादाने सुरगाण्याकडच्या एका छोट्या संस्थेत पहिल्यांदा गेले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

संस्था म्हणजे दोन खोल्या, एक निवृत्त डॉक्टर आणि तिथलीच एक कार्यकर्ती. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरचे क्षयाचे रुग्ण यायचे आणि आठवड्याच्या गोळ्या न्यायचे. सहा महिने न चुकता घेतल्या तर माणूस बरा. मध्येच सोडल्या तर दुखणं उलटतं, आणि मग साध्या गोळ्यांना जुमानत नाही. एवढं जोखमीचं काम, आणि कोण आलं, कोण राहिलं हे शोधायला सात वह्या!

"अहो डॉक्टर, तुम्ही माणसांना तपासता की वह्यांना?" मी म्हणाले. ते बिचारे हसले.

पुढच्या सुट्टीला मी पंचवटीतल्या शिंप्याकडून जाड कापडाचा एक पडदा शिवून नेला. त्याला रांगेने खिसे, आणि दर खिशावर एकेका पाड्याच्या नावाची चिठ्ठी. रुग्णाचं कार्ड त्याच्या पाड्याच्या खिशात. गोळ्या नेल्या की कार्ड उलटं करून ठेवायचं. बाजार उठल्यावर जी कार्डं सुलटी दिसतील, ती माणसं आलेली नाहीत. बस्स! डॉक्टर खूश झाले, मी तर अशी फुशारले की विचारू नका. कार्यकर्ती मात्र कार्डं खोचताना गालातल्या गालात हसत होती.

"काय गं, काय झालं?"

"काय नाय बाई. बेस हाय."

दिवाळी झाली, भात घरात आलं आणि दोन बाजारांत अर्धा पडदा सुलट्या कार्डांनी भरून गेला. पाड्यांवर जाऊन बघितलं तर दारांना कड्या. माणसं द्राक्षाच्या कामाला घाटावर गेली होती. कुठे? दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, कोण सांगणार? त्यात एक विशीतली सून होती. पदराखाली तान्हं मूल, चार महिन्यांच्या गोळ्या घेऊन झालेल्या, दोनच महिने उरलेले. तिचं कार्ड हातात धरून डॉक्टर चुकलेले बाजार पुन्हा पुन्हा मोजत होते.

मी कार्यकर्तीवर उखडले. "तुला हे माहीत होतं ना? मग त्या दिवशी मूग गिळून का बसलीस?"

"तुम्ही इचारलं कुठं?" ती शांतपणे म्हणाली. "आमची माणसं दिवाळीपर्यंत पाड्याची, मग शिमग्यापर्यंत जीपची. ज्या जीपनं गेली, तिच्यातूनच परत येणार. ड्रायव्हरला समदं ठावं असतंय."

लाजच वाटली मला. खिसे मोठ्या शहाणपणाने शिवले, पण ज्यांच्यासाठी शिवले त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिथल्या तिथे पाड्यांच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि आम्ही दोघी जीपस्टँडवर गेलो. निळ्या टपाची, फुटक्या काचेची, देवीच्या फोटोची, अशी जीपांची नावं लिहून आणली आणि खिशांवर डकवली; जो ज्या जीपने गेला, त्याचं कार्ड तिच्या खिशात. निळ्या टपाच्या ड्रायव्हरने तर एका दमात सांगितलं, "ती सून ना? दिंडोरीच्या पुढं, मोठ्या चिंचेपाशी, मळ्यात सोडली."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मळा गाठला. ती घडांची विरळणी करत होती, आणि खोकत होती.

"गोळ्या का सोडल्यास गं?" मी आवाज चढवलाच.

"सोडल्या नाय बाई. बाजार लांब पडला."

माझा सगळा राग तिथेच गळाला. तिच्या हातात आठवड्याच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि स्टोअरचा कायदा समजावला: रिकामं पाकीट निळ्या जीपवाल्याकडे द्यायचं, मगच तो भरलेलं देईल. दर बाजाराला तिकडून फेरी करणाऱ्या त्या जीपवाल्यालाही दटावून ठेवलं. दर बाजारी रिकामं पाकीट येऊ लागलं, कार्ड उलटं होऊ लागलं. बाकीच्या जीपांचंही तसंच बसवलं.

शेवटच्या आठवड्याचं पाकीट मात्र आलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मागितलं, पण तिनं दिलं नाय." मी घरी येऊन सगळ्यांवर चिडचिड केली. भीती वाटत होती, दुसरं काय! इतकं करून शेवटी माती खाल्ली की काय पोरीने?

शिमग्याच्या बाजाराला ती आली. कडेवर मूल, अंगावर जरा मांस धरलेलं. पदराची गाठ सोडून तिने रिकामं पाकीट माझ्यापुढे धरलं.

"अगं, जीपवाल्याकडे का नाही दिलंस?"

"शेवटलं व्हतं. तुमच्याच हातात द्यायचं व्हतं."

मग तिने स्वतःच खिशातलं आपलं कार्ड काढलं, उलटं केलं आणि परत खोचलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. इतक्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा मी जुनं ठेवून घेतलं आणि समोरच्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.