अमावस्येच्या आधी हात लावलेलं काम

प्लंबरला फोडू देऊ नये. त्यानं चहा प्यावा, मापं घ्यावीत, मोबाईलवर तासभर बोलावं, काहीही करावं, पण सामान दारात येऊन पडत नाही तोवर छिन्नीला हात लावू देऊ नये. हे शहाणपण मला सुचलं तेव्हा आमच्या खालच्या संडासात गुडघाभर खड्डा पडलेला होता.

आमचं भूगावचं रो-हाऊस बिल्डरनं कुठल्या तंद्रीत बांधलं देव जाणे. कमोड वरच्या मजल्यावर आणि खाली उकिडवं बसायचा संडास. अण्णा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून आमच्याकडे खालच्या खोलीत राहतात. त्यांना तोच संडास पसंत होता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. मग अंगणात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता उकिडवं बसणं कायमचं बंद, जिना तर विसराच. म्हणजे अण्णा घरी यायच्या आत खाली कमोड बसायला हवा. एका दिवसाचं काम हाय ताई, असं प्लंबर स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता.

हा प्लंबर पौडकडच्या गावातला, शेजारणीनं सुचवलेला. बोलायला इतका गोड की मुलगी असती तर दिली असती. तो मापं घ्यायला आला त्या दिवशी नेमका दवाखान्यातून अण्णांचा फोन आला. काम सुरू झालं का, असं विचारत होते. मी म्हटलं, उद्यापासून. झालं, बिनसलं. उद्या अमावस्या, मग काम मागं पडत जाणार, आजच हात लावून घे म्हणावं, असा हट्ट. अण्णांनी सगळी नोकरी मुळशीतल्या खेड्यांत वायरमन म्हणून केली. कोसळत्या पावसात खांबावर चढायचे, पण अमावस्येला नव्या कामाला हात लावायचे नाहीत. अमावस्येच्या आधी हात लावला की काम सुरू झालं असं धरायचं, ही आमच्याकडची रीतच. मीही त्याच रीतीत वाढलेली, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्लंबर तर खूषच झाला. व्हय व्हय, आजोबा बरोबर बोलत्यात, म्हणाला.

हात लावायचा म्हणजे नारळ फोडून एक घाव घालायचा, एवढंच मला वाटलं होतं. ह्या पठ्ठ्यानं भांडं फोडलं, फरशी उचकटली, खालचा पाइप उघडा केला, त्यात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि राडारोडा पॅसेजमध्ये टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी अमावस्या, तेव्हा तो येणार नव्हताच. त्यानंतर त्याच्या गावची जत्रा लागली. जत्रा उठली तर पाहुणे उठेनात. मग तो रोज निघायला लागला. कधीही फोन करा, स्वारी चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मिस्टर म्हणाले, पौडहून भूगावला यायला ह्याला चांदणी चौक कसा काय लागतो? लागत नाहीच, तो आमच्याही पुढं, पुण्याच्या बाजूला. पण हे त्याला विचारायची माझी छाती होईना. चिडला आणि फोन उचलायचा बंद झाला म्हणजे? अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आमच्याच घरात बसून कुणीतरी केली असणार.

दुसरा बघावा म्हटलं. बावधनहून एक जण आला, खड्ड्याशी उकिडवा बसला, बॅटरी मारून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, हे कुणी फोडलंय? मी नाव सांगितलं. तो उठला, हात झटकले. "त्याला इचारल्याबिगर आमी हात लावत न्हाई ताई. दुसऱ्यानं उघडलेलं काम हाय." मी म्हटलं, अहो तो येतच नाही. तर म्हणाला, येईल की, काम त्याचंच हाय. मग एक हिंदी बोलणारा आला, त्यानंही तेच ऐकवलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हे लोक फोडून ठेवतात ते आपल्यासाठी नाही, एकमेकांना दिसावं म्हणून. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा आमचा संडास त्यानं धरून ठेवला होता. त्यानं बिचाऱ्यानं असे आणखी किती धरले होते कुणास ठाऊक.

तेवढ्यात अण्णांना घरी सोडलं. संडास तसाच उघडा. मी भांडं लावलेली खुर्ची विकत आणली, पलंगाशेजारी ठेवली. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. ते भांडं मी उचलणार, मी धुणार, हे त्यांना लगेच कळलं. अहो अण्णा, मी लहान असताना तुम्ही माझं केलंच की, असं मी हसत म्हणून पाहिलं. ते हसले नाहीत.

प्लंबरवर मी तोंडसुख घ्यायला लागले की मात्र मलाच गप्प करायचे. कामाचा माणूस हाय, अडकला असंल, म्हणायचे. त्यांच्या वेळी गावंच्या गावं अंधारात त्यांची वाट बघत बसायची. त्यांना त्या प्लंबरचीच बाजू जवळची. मला इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

मग सकाळचा चहा नको म्हणाले. ऊन भाजून काढत होतं, मी ताक केलं, तेही नको. आमटीत भाकरी कुस्करायचे, ती कोरडी खायला लागले. मला वाटलं तोंडाला चव नाही, ऑपरेशननंतर होतं असं. पाण्याचा तांब्या संध्याकाळी भरलेलाच उचलायचे मी, तरी माझ्या टाळक्यात शिरेना. एकदा गोळीपुरतं पाणी दिलं तर त्यांनी तोंड ओलं होईल एवढंच घेतलं आणि पेला बाजूला सारला. मी रागावले तेव्हा बोलले, "पानी पिलं की तुला भांडं उचलावं लागतंय. न्हाई पीत मी."

मी विनवण्या केल्या, रडले, मिस्टरांनी समजावलं. हट्टी माणूस, ऐकतो कशाला? त्यात दोन दिवसांनी थंडी वाजून ताप भरला, असंबद्ध बोलायला लागले. लघवीचं इन्फेक्शन. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन.

आणि त्याच दुपारी मी कपडे न्यायला घरी आले तर प्लंबर दारात उभा. सोबत कमोड, सिमेंट, सगळा लवाजमा. हसू तेच, गोड. त्याला बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात काय काय आलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. पण हा रागावून परत गेला तर दुसरा कोण हात लावणार होता? मी सगळं गिळलं आणि आलं ठेचून चहा टाकला. त्यानं दिवेलागणीच्या आत काम उरकलं. खरंच एका दिवसाचंच काम होतं. भिंतीला धरायची दांडीही ठोकून दिली, न सांगता. मग म्हणाला, "आजोबांना हाक मारा की ताई. येऊन बघू द्या एकदा."

अण्णा दवाखान्यात आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. लई वाईट झालं, म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. त्याच्यावर धड चिडताही येईना मला.

सिमेंट वाळायला ठेवून मी दवाखान्यात गेले. अण्णा शुद्धीत होते, ओठ फुटले होते. नर्स म्हणाली, सलाईन चाललंय, पण तोंडानं घोटभरही घेत नाहीत, तुम्ही बघा. मी पेला भरला, त्यांच्या मानेखाली हात घातला. सांगितलं, अण्णा, कमोड बसला. दांडीसुद्धा लावलीय धरायला. आता तुमचं तुम्हाला जाता येईल, मी त्या वाटेला येणारसुद्धा नाही.

त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खरं?"

खरंच, अण्णा, म्हटलं.

"मग घरी ने. तितं गेल्यावर पितो," म्हणाले, आणि ओठ मिटून घेतले.

डॉक्टरांनी घरी कधी सोडणार ते अजून सांगितलं नव्हतं.