मावशींचं वाक्य

बोलून झालं की मावशी माझ्या रजिस्टरवर बोट ठेवायच्या. "लिवलं का, मास्तर? मग वाच." वाचून दाखवेपर्यंत बोट हलायचं नाही.

मी मास्तर नव्हे. वेल्ह्यातल्या मानसिक उपचार केंद्रात बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं होतं. पण ज्याच्या हातात पेन तो मास्तर, असं त्यांचं सरळ होतं.

त्या डोंगरातल्या पासली गावच्या. भाताची चार खाचरं, दोन म्हशी, एक सून. पूर्वी त्यांना कानात सतत कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. घरच्यांनी काही दिवस बांधूनही ठेवलं होतं. गोळ्यांनी सावरल्या. पुढं केंद्रानं ठरवलं, की या आजारातून गेलेलं एक माणूस बैठकीत घ्यायचं आणि कारभार कसा असावा हे त्याला विचारायचं. तुम्ही अशा बैठका पाहिल्या असतील. त्या माणसाला खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि बोलतो आपणच. मावशींनी मात्र ते मनावर घेतलं.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमचा अनुभव सांगा."

"कशाचा? आजाराचा का तुमच्या दवाखान्याचा?"

डॉक्टर हसले. मावशी हसल्या नाहीत. औषधाच्या खिडकीतून "डोक्याच्या गोळ्यावाले हिकडं या" अशी हाक येते, रांगेत सोयरेधायरे उभे असतात, त्यांच्या कानावर गेलं तर उद्या कुणाच्या लेकीचं जमलेलं लग्न मोडेल, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यापासून नंबरानं हाक सुरू झाली. मावशी खिडकीतल्या माणसाला म्हणाल्या, "म्या सात नंबर. डोकं घरी ठिवून आले."

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. केंद्रात गोळ्या महिन्याच्याच मिळायच्या.

"पावसात दरड पडली की आमची एस्टी बंद. पाऊस लागायच्या आदी दोन महिन्याच्या गोळ्या द्या. न्हाईतर म्या परत पयल्यासारकी व्हईन."

डॉक्टरांना पटलं. पण नियम वरचा, आणि वर जायचं ते इतिवृत्त.

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. निकालाच्या दिवशी वडिलांनी आमच्या गावी, भोंगवलीत, घरोघर पेढे वाटले होते. सरकारी मराठी मला झकास यायची आणि त्याचा मला अभिमान होता. मी लिहिलं, "दुर्गम भागातील रुग्णांच्या औषध उपलब्धतेबाबत सकारात्मक चर्चा झाली."

रजिस्टरवर बोट आलं. "वाच."

ते वाक्य मला त्यांना ऐकवावंसं वाटेना. मी कागदाकडं बघत त्यांचंच बोलणं म्हणून दाखवलं, दरडीसकट, एस्टीसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि बोट उचललं. "ब्येस लिवतोस."

तीन बैठकांत त्यांनी तेच सांगितलं. तिन्ही वेळा मी तसंच लिहिलं आणि तसंच वाचलं. वरून काहीच आलं नाही. येणार तरी कशाला? आमची चर्चा सकारात्मक झाली होती.

आषाढात दरड पडली. एस्टी बंद झाली. लागवडीची घाई, मोबाईलला रेंज नाही. रस्ता मोकळा होईपर्यंत मावशींच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते. रेंज आल्यावर सुनेनं फोनवर सांगितलं, की आत्या भर पावसात खाचरात उभ्या राहून कुणाशी तरी भांडत होत्या.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. कानातलं बोलणं थांबलं म्हणतात. पण त्याबरोबर मावशींचंही थांबलं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. मी नीट लिहिलं असतं तर नियम बदलला असता का? तेही कुणी सांगू शकत नाही. मी विचारलेलंही नाही.

त्यानंतरच्या बैठकीत मी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. भातकापणी झाल्यावर रजिस्टर घेऊन पासलीला गेलो. मावशी ओटीवर भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. सून म्हणाली, "आत्या, मास्तर आल्यात."

मी शेजारी बसलो. पान उघडलं आणि पहिल्यांदाच जे लिहिलं होतं तेच वाचलं. पावसात दरड पडली की आमची एस्टी बंद.

वाचून झाल्यावर रजिस्टर त्यांच्या मांडीजवळ सरकवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. बोट आलं नाही.