वाढत्या मापाचं टेबल

आमच्या हॉलमध्ये खिडकीखाली एक टेबल आहे. सागवानी नाही, पण आल्यागेल्याला मी सागवानी म्हणूनच सांगतो. मुलगी दुसरीत असताना तिच्या गृहपाठासाठी ते करून घेतलं. आता ती अकरावीत आहे. मधल्या काळात त्या टेबलावर तिचा अभ्यास किती दिवस झाला, हे बोटांवर मोजता येईल. आणि त्यासाठी दोन्ही हात लागणार नाहीत.

तेव्हा ती स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसायची. बायको एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना गप्प बसवून यायची आणि घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता आपल्या पोरीला पाढे म्हणायला लावायची. दोघींचं छान चाललेलं असायचं. पण पालकसभेत बाईंनी वही उघडून माझ्यापुढे धरली. वजाबाकीच्या खाली हळदीचा अंगठा होता.

"मुलांना अभ्यासाला स्वतंत्र जागा द्या हो," त्या म्हणाल्या. "जागेने सवय लागते."

इतर बाप ऐकून घरी गेले. मला ते झोंबलं. शाळेतून मी सरळ मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री पनवेलजवळच्या कोन गावचे. आमच्या इमारतीतली निम्मी कपाटं त्यांच्या हातची. रविवारी आले, खिडकीखालची भिंत पाहिली, टेप काढली आणि म्हणाले, "पोरीला बोलवा सायेब. माप घेतो."

"तिचं कशाला? ती काय, दर महिन्याला वाढते. माझं घ्या."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत कानामागे ठेवली. "तुमचं?"

"दहावीला येईपर्यंत ती माझ्याएवढी होणार. टेबल काय दरवर्षी करायचं? आमच्या घराण्यात उंची आहे."

माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. स्वयंपाकघरातून बायको खोकली.

"मंग आता ती बसंल कशी?"

"उशी देऊ."

"बरं. माजं काय जातंय." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, कोपर वाकवायला लावलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. "पन सांगून ठेवतो, यावर तुमीच बसाल."

मी मोठ्याने हसलो. मिस्त्री हसले नाहीत, माप लिहीत होते.

यात माझा एकट्याचा दोष नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत होती. माझी शाळेची खाकी चड्डी गुडघ्यांच्या खाली यायची. बुटांच्या पुढच्या टोकात कापूस कोंबलेला असायचा आणि पावसाळ्यात तो कापूस ओला होऊन चालताना पच् पच् वाजायचा. पुढच्या वर्षी बरोबर होईल, असं आई म्हणायची. पुढच्या वर्षी बूट पायाला बरोबर व्हायचे खरे, पण तोवर त्यांचे तळवे गेलेले असायचे. म्हणजे मापाचे बूट मी कधी घातलेच नाहीत. एवढं सोसलेल्या माणसाने तरी शहाणं व्हायला हवं होतं. मी टेबल केलं.

टेबल झकास झालं. भिंतीला फळी, फळीवर पुस्तकांसाठी दोन कप्पे, खाली खण. मुलीने कप्प्याच्या कडेला एक निळं फुलपाखरू चिकटवलं. मग तिला खुर्चीवर बसवलं तर टेबलाच्या वर फक्त डोळे आले. मी उशी दिली. हनुवटी आली. दुसरी उशी दिली, मग देवघरासमोरचा पाट, मग बायकोचा जाड शब्दकोश. हात वर पोचले तेव्हा पाय लोंबायला लागले. पायांखाली स्टूल दिलं.

"आता वरून एक दोरी सोडा," बायको म्हणाली, "म्हणजे पडायची तरी नाही."

मुलगी त्या मनोऱ्यावर चार दिवस बसली. मला बरं वाटावं म्हणून बसत होती, हे मला आता कळतं. पाचव्या दिवशी म्हणाली, "बाबा, पायाला मुंग्या येतात. मी मोठी झाले की बसते ना."

"शहाणी गं माझी," मी म्हणालो. मला वाटलं, मुद्दा तिला पटला.

आता स्वयंपाकघरातला अभ्यास मी बंद केलेला, टेबल उंच, पलंगावर बसलं की झोप येते. मग ती गेली जिन्यात.

आमची इमारत एसटी स्टँडच्या मागे आहे, तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या दारासमोर चार माणसं उभी राहतील एवढी जागा आहे आणि तिथून वर जाणारा जिना सुरू होतो. ती त्या जागेत मांडी घालून बसायची आणि पहिल्या पायरीवर वही ठेवायची. दुसरीतल्या मुलीला ती पायरी अगदी मापात येते. मला हे कळायला बराच वेळ लागला, कारण मला वाटायचं ती खेळायला जाते.

मला सांगितलं वरच्या मजल्यावरच्या चाचींनी. त्यांचे मिस्टर तेव्हा गल्फमध्ये होते, घर एकट्या सांभाळायच्या. बाजारातून पिशव्या घेऊन येताना त्यांना रोज माझ्या पोरीला वळसा घालून वर जावं लागायचं.

"काय भाईजान," त्या दारात थांबून म्हणाल्या, "बेटीला घराबाहेर काढलंत का?"

"छे छे. तिथे हवा खेळती असते ना."

"हवा? अहो, तिथे चपला असतात."

पण पोरीला त्या काही बोलल्या नाहीत. जिन्यातला दिवा सोसायटीचा, कधी असायचा कधी नसायचा. चाचींनी आपल्या मीटरवरून वायर खाली सोडून एक बल्ब लावला. मी बघत होतो. वायर सरळ लागली नाही, एवढं मी त्यांना सांगितलं.

लॉकडाऊन लागला तेव्हा मुलगी पाचवीत जाणार होती. मी बंदराशी कामं असलेल्या एका कंपनीत कागदपत्रांचं काम बघतो. कंपनीने लॅपटॉप दिला आणि सांगितलं, घरून करा. लॅपटॉप कुठे ठेवायचा? टेबल रिकामंच होतं. मी खुर्ची ओढून बसलो, आणि दोन्ही कोपरं फळीवर अशी टेकली की वा! खांदे सैल, मान सरळ. असणारच. मापच माझं होतं. क्षणभर मिस्त्री आठवले. मग मीटिंग सुरू झाली.

हॉलमध्ये मी मोठमोठ्याने बोलणार आणि तिची शाळा मोबाइलवर, म्हणून ती मोबाइल घेऊन जिन्यात गेली. आता दुसऱ्या पायरीवर वही ठेवायची. बसायला पाट घ्यायची, तोच, जो मी मनोऱ्यात घातला होता. कोणाचं येणंजाणं नव्हतं, त्यामुळे तिची शाळा सगळ्या इमारतीत घुमायची. "यस टीचर" म्हटलं की वरून चाची "शाबास" म्हणायच्या.

तात्पुरतं आहे, असं मी बायकोला सांगितलं होतं. लॉकडाऊन उठला तर कंपनीने ऑफिसची जागा अर्धी करून टाकली; आठवड्यातले तीन दिवस घरूनच. मग टेबलावर मोठा स्क्रीन आला, प्रिंटर आला, माझ्या बीपीच्या गोळ्या आल्या. वरच्या कप्प्यांत फायली गेल्या. लॅपटॉपचा पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून मी चिठ्ठी करून चिकटवली. ती नेमकी फुलपाखरावर. दुसरीकडे चिकटत नव्हती, असं काही नव्हतं.

ती नववीत असतानाची गोष्ट. दुपारी माझा कॉल चालू होता. ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. माझं लक्ष गेलं तर माझ्या लक्षात आलं, मुलगी उंच झाली आहे. मी कान झाकणारा हेडफोन एका बाजूने उचलला, तिला कोपर वाकवायला सांगितलं आणि पट्टी लावून पाहिली.

"बघ! म्हटलं होतं ना! आलं की नाही माप?"

"आलं," ती म्हणाली. "मग उठतोस?"

मला ते इतकं गमतीशीर वाटलं की मी हसलो. पंजा उघडून दाखवला, पाच मिनिटं. आणि हेडफोन परत लावला.

ती उभी राहिली. खरंच उभी राहिली, मला स्क्रीनच्या काचेत दिसत होती. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळायची, सोडायची. कॉलमध्ये काय चाललं होतं ते आज विचाराल तर एक अक्षर आठवत नाही. वीसेक मिनिटांनी काचेत बघितलं तर ती नव्हती. दाराची कडी वाजली होती बहुतेक.

रात्री जेवताना मी म्हणालो, "अगं, सांगायचं ना परत."

"एकदा सांगितलं की," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

नंतर तिने कधी विचारलं नाही. दहावीचं वर्ष तिने जिन्यातच काढलं. वर जाणाऱ्याचे पाय दिसायच्या आधी ती आवाजावरून डावीकडे झुकायची, वाचता वाचता, मान वर न करता. कोण येतंय तेही तिला कळायचं. दूधवाले, चाची, तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर झालेले मास्तर, जे प्रत्येक पायरीला एक श्वास घ्यायचे. आणि मी. मी बाहेर जाताना तिच्या वह्यांवरून लांब टांग टाकून जायचो आणि वर विनोद करायचो, "मॅडम, ऑफिस कधी बंद होतं?"

आठवीपर्यंत ती हसायची.

निकाल चांगला लागला. पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं, अकरावी पुण्याला करणार, मावशीकडे राहून. कॉलेज चांगलं आहे म्हणाली. मी पनवेलच्या कॉलेजांची नावं घेतली, खारघरची घेतली, उलव्याला नवीन निघालंय म्हटलं. ती मान डोलवत होती, पाहुण्यांचं ऐकून घेतात तशी.

ती आत गेल्यावर बायकोने ओटा पुसता पुसता मला विचारलं, "तुम्हाला खरंच कॉलेजसाठी वाटतंय?"

"मग कशासाठी?"

तिने फडकं पिळलं आणि वाळत घातलं.

जूनमध्ये तिला सोडून आलो. जुलैत मी टेबल रिकामं केलं. स्क्रीन बेडरूममध्ये नेला, फायली माळ्यावर टाकल्या. पासवर्डची चिठ्ठी काढली तर तिच्याबरोबर फुलपाखराचा अर्धा पंख आला. मिस्त्रींना पॉलिशला बोलावलं. ते आता थकलेत, जिना चढून आले तर दहा मिनिटं बोलू शकले नाहीत. मग म्हणाले, "पोरगी कुटं हाय?"

"पुण्याला. शिकायला."

"आनि पॉलिश कुनासाटी?"

"टेबल चांगलं राहावं म्हणून."

"टेबलाला काय नाय झालं, सायेब," मिस्त्री म्हणाले. तरी केलं पॉलिश.

एका संध्याकाळी बायको घरी नव्हती, तेव्हा मी दाराबाहेर जाऊन त्या जागेत मांडी घालून बसलो. दुसऱ्या पायरीवर हात ठेवले. पायरी गार होती आणि कडेला निळ्या पेनाच्या बारीक रेघा होत्या, शाई उतरत नसली की आपण मारतो तशा. भिंतीला ओल आलेली. चाचींचा बल्ब लागलेला होता. अजून लावतात त्या, सवयीने. तळमजल्यावरचे शेजारी गच्चीवर जायला आले आणि म्हणाले, "काय, चावी विसरलात?" मी हो म्हटलं. त्यानंतर चाची आल्या. मला पाहिलं, पिशव्या एका हातात घेतल्या आणि वळसा घालून वर गेल्या. एरवी एक टोमणा तरी मारल्याशिवाय त्या कधी जात नाहीत.

उठताना गुडघा धरला. कठड्याला धरून उठलो.

दिवाळीला ती आली. मी टेबलावर नवीन दिवा आणून ठेवला होता, पेन ठेवायला एक मगही. ती चहा पिऊन झाल्यावर दप्तर घेऊन दाराकडे वळली, तेव्हा बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मुलगी थांबली. खिडकीशी आली, खुर्ची ओढून बसली. कोपरं फळीवर टेकली. अगदी बरोबर टेकली, इंचाचाही फरक नाही.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

मी पेपर घेऊन सोफ्यावर बसलो. पेपर वाचत नव्हतो. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, मागे टेकत नव्हती. पुस्तक उघडलं, एक ओळ अधोरेखित केली, पान उलटलं. बाहेर फटाक्यांची एखादी लड वाजत होती. मला वाटलं, जमतंय.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पार्सलवाला होता, इमारत सापडत नव्हती त्याला. मी "हॅलो" म्हटलं आणि पाहिलं तर तिने पुस्तक मिटलं होतं. पेन कंपासमध्ये गेलं, कंपास दप्तरात गेली. खुर्ची आवाज न करता मागे सरकवून ती उठून उभी राहिली होती.

"बस तू," ती म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.