शंकरपटातला पहिला फोटो
धानाच्या तणसाचा, म्हणजे वाळक्या पेंढ्याचा वास आला की मला चामोर्शीजवळचा तो शंकरपट आठवतो. धान कापलेल्या मोकळ्या शेतात बैलजोड्या सुसाट धावत होत्या आणि मी आयुष्यातला पहिला कॅमेरा घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी होते. दुपारपर्यंत माझ्या फोटोंत नुसती धूळ, नाहीतर शेपट्या आल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एक म्हाताऱ्या बाई हसून म्हणाल्या, "जोडी समोर आल्यावर काऊन दाबतेस वं? सुटली तवापासूनच तिच्यासंगं फिर ना! आता माही जोडी हाये, एकच डाव धावनार हाये." मी घाबरलेच. झेंडी पडताच त्यांनी मागून माझे खांदे धरले, जोडीबरोबर मला वळवत नेलं आणि ओरडल्या, "दाब!" मी दाबलं. फोटोत मागच्या गर्दीच्या नुसत्या रेघा झाल्या होत्या, पण बैलांचे डोळे लख्ख दिसत होते. त्यांची जोडी हरल्याचं भोंग्यावर सांगत होते, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "आवं, बैलाचे पाय जमिनीले लागूनच नाई राह्यले!" असं म्हणत त्या माझा कॅमेरा घेऊन साऱ्या धुऱ्यावर तो फोटो दाखवत फिरल्या. आता मी शर्यतीच्या मोटारींचे फोटो काढते. नव्या मुली शिकायला आल्या की आधी त्यांचे खांदे धरते.